लक्षण आणि निदान : फुप्फुसांच्या परीक्षेची कथा

आमच्या घरांत वहिनींच्या खोकल्याची सर्वांना इतकी संवय झाली होती, कीं पहाटे तो ऐकूं आला म्हणजे चहाचें आधण चढलें असें आम्ही समजत असूं. वहिनी म्हणजे आमच्या वडील बंधूंच्या पत्नी. लग्न होऊन कोंकणांतल्या घरीं आल्यापासून गॅस येईपर्यंतचीं अठ्ठावीस वर्षें त्यांनीं लाकडाच्या चुलीपुढें काढलीं. पुढें पुढें भरलेली कळशी उचलली कीं त्यांना धाप लागूं लागली. जिना चढतांना त्या सहाव्या पायरीवर थांबत आणि पदरानें तोंड पुसण्याचें निमित्त करीत. ‘आतां वय झालें’ असें त्या स्वतः म्हणत. ‘दमा असेल’ असें शेजारी म्हणत. आणि खोकल्याच्या औषधाची बाटलीमागून बाटली घरांत येई.

एकदां कोणीतरी छातीच्या तज्ज्ञाकडे जाण्याचें सुचविलें. तेव्हां मीच म्हणालों, ‘वहिनींनीं जन्मांत कधीं विडी ओढली नाहीं, त्यांना फुप्फुसाचा रोग कोठून होणार?’ जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलेल्या आणि तर्कशास्त्राचे चार पाठ मुखोद्गत असलेल्या मनुष्यानें केलेलें हें अनुमान! त्यांत दोष किती होता, हें कळावयास आणखी चार वर्षें लागलीं. त्या चार वर्षांची टोंचणी मनांत आहे, म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

जो रोग बाहेर दिसतो त्याचें निदान सोपें. गळूं डोळ्यांना दिसतें, मोडलेलें हाड हाताला लागतें. फुप्फुसें मात्र बरगड्यांच्या पिंजऱ्यांत बंद असतात. आपल्या प्राचीन वैद्यांनीं पाहणें, स्पर्श करणें आणि प्रश्न विचारणें अशी त्रिविध परीक्षा सांगितली, आणि कास, श्वास, राजयक्ष्मा ह्यांचीं लक्षणें मोठ्या बारकाईनें नोंदून ठेविलीं. परंतु अडचण ही, कीं खोकला क्षयांत येतो, दम्यांत येतो आणि साध्या पडशांतही येतो. धाप फुप्फुसाच्या विकारानें लागते, हृदयाच्या विकारानें लागते आणि रक्त कमी झाल्यानेंही लागते. मग बंद छातीच्या आंत काय चाललें आहे हें ठरवावयाचें कसें? ह्या एका प्रश्नाच्या पाठीमागें वैद्यकशास्त्र गेलीं अडीचशें वर्षें लागलेलें आहे.

लक्षणाचे दोन दोष

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभींच गाईचें उदाहरण देतात. ‘जिला शिंगें आहेत ती गाय’ असें लक्षण केलें तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ति. ‘जिचा रंग तांबूस ती गाय’ असें म्हटलें तर पांढरी गाय सुटून जाते, ही अव्याप्ति. ज्यांत हे दोष नाहींत तेंच खरें लक्षण. आपल्या भाषेंत रोगाच्या खुणेलाही लक्षण हाच शब्द आहे, आणि मौज अशी, कीं तिलाही हेच दोन दोष चिकटतात. जो रोगी असून परीक्षेंतून निसटला तो अव्याप्तीचा बळी. जो निरोगी असून रोगी ठरला तो अतिव्याप्तीचा.

कोणतीही नवी परीक्षा पुढें आली, कीं आजचें वैद्यकसंशोधन तिला हेच दोन प्रश्न विचारतें. शंभर रोग्यांपैकीं किती जण हिला सांपडले? आणि शंभर निरोगी माणसांपैकीं किती जणांना हिनें बिनचूक वगळलें? पहिल्या आंकड्यास इंग्रजींत सेन्सिटिव्हिटी म्हणतात, दुसऱ्यास स्पेसिफिसिटी. परंतु हे आंकडे काढण्यापूर्वीं खरा रोगी कोणता, हें दुसऱ्या एखाद्या अधिक खात्रीच्या मार्गानें ठाऊक असावें लागतें. सोन्याचा कस पाहावयाचा तर कसोटीचा दगड आधीं हवा. ही कसोटी मिळविण्यासाठीं वैद्यांनीं काय काय केलें, हें पाहण्यासारखें आहे.

ठोकणें आणि ऐकणें

लिओपोल्ड औएनब्रुगर हा ऑस्ट्रियांतील ग्राट्स गांवच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. दारूच्या पिंपावर टिचकी मारून तें कोठपर्यंत भरलें आहे हें ओळखण्याची युक्ति त्यानें लहानपणीं वडिलांपाशीं पाहिली होती असें सांगतात. पुढें व्हिएन्ना येथील स्पॅनिश हॉस्पिटलांत वैद्य असतांना त्यानें रोग्यांच्या छातीवर बोटांनीं ठोकून आवाज ऐकण्यास आरंभ केला. हवेनें भरलेलें फुप्फुस पोकळ वाजतें. त्यांत किंवा त्याभोंवतीं पाणी जमलें असेल तर आवाज बद्द येतो. परंतु एवढ्यावर तो थांबला नाहीं. जे रोगी दगावले त्यांच्या शवांची परीक्षा करून, आपण आवाजावरून जें सांगितलें तें आंत खरोखर होतें कीं नव्हतें, हें त्यानें ताडून पाहिलें. सात वर्षांच्या अनुभवानंतर इ. स. १७६१ मध्यें त्यानें आपलें लहानसें लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिझार ह्यानें १८०८ मध्यें त्याचें फ्रेंच भाषांतर केलें तेव्हां कोठें जगाला त्याची किंमत कळली. दुसऱ्याच वर्षीं औएनब्रुगर वारला.

त्याच कोर्व्हिझारचा शिष्य रने लाएनेक. १८१६ मध्यें पॅरिसच्या नेकर रुग्णालयांत त्याच्यापुढें हृदयविकाराचीं चिन्हें असलेली एक तरुण स्त्री आली. ती अंगानें स्थूल असल्यामुळें ठोकून कांहीं कळेना, आणि तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणें त्याला प्रशस्त वाटेना. लांकडाच्या एका टोकाशीं टांचणीनें ओरखडलें असतां दुसऱ्या टोकाशीं तें स्वच्छ ऐकूं येतें, ही गोष्ट त्याला आठवली. त्यानें कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोंक तिच्या छातीवर ठेविलें, दुसरें आपल्या कानाशीं धरिलें, आणि नुसत्या कानानें कधीं ऐकूं आले नव्हते इतके स्पष्ट ठोके त्याला ऐकूं आले. हाच स्टेथॉस्कोपचा जन्म. पुढें त्यानें लांकडाची नळी करविली, शेंकडों रोग्यांच्या छातीचे आवाज नोंदले, औएनब्रुगरप्रमाणेंच ते शवपरीक्षेशीं ताडून पाहिले, आणि १८१९ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या क्षयाचे आवाज त्यानें जगाला शिकविले, त्याच क्षयानें १८२६ मध्यें, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

ह्या दोघांच्या कथेंत मला महत्त्वाचें वाटतें तें त्यांचें ताडून पाहणें. आवाज ऐकून अनुमान करणारे वैद्य पुष्कळ असतील. आपलें अनुमान खोटें तर ठरत नाहीं ना, हें पाहण्यासाठीं पुन्हां पुन्हां कसोटीकडे जाणारे थोडे. संशोधन म्हणतात तें हेंच.

श्वासाचें माप

आवाजानें जागा कळते. फुप्फुसाचें बळ किती उरलें आहे तें कळत नाहीं. हें बळ मोजण्याची विद्या इंग्लंडांतील जॉन हचिन्सन ह्यानें उभी केली. पाण्यांत उपडी घातलेली टांकी आणि तिला जोडलेली नळी असें त्याचें यंत्र होतें. मनुष्यानें छाती भरून श्वास घ्यावा आणि तो सर्व नळींत सोडावा. टांकी जितकी वर उचलली जाईल तितकी त्याची शक्ति. १८४६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें दोन हजारांहून अधिक माणसांचीं मापें दिलीं. त्यांत खलाशी होते, शिपाई होते, मुष्टियोद्धे होते आणि प्रतिष्ठित गृहस्थही होते. उंचीबरोबर हें माप वाढतें आणि उतारवयांत घटतें, हा नियम त्यानें दाखविला. क्षय बाहेर दिसण्यापूर्वींच माप घटूं लागतें, अशी त्याची समजूत होती.

परंतु नुसत्या एकूण मापांत एक उणीव राहिली. फुंकनळींतून बळानें फुंकलें तर हवा चट्कन बाहेर येते. तीच नळी आंतून काजळीनें भरली असेल तर तितकीच हवा येते, पण रेंगाळत. फ्रान्समध्यें तिफनो आणि पिनेल्ली ह्या दोघांनीं १९४७ मध्यें हें ओळखून, एकूण हवेपैकीं पहिल्या एका सेकंदांत किती बाहेर येते तें मोजण्याची पद्धति घालून दिली. आज स्पायरोमेट्री ह्या नांवानें जी परीक्षा केली जाते तिचा हा गाभा आहे. श्वासनलिका रुंद करणारें औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या शेंकडा ७० हून कमी भरली, तर नलिका कायमच्या अरुंद झाल्या असें समजतात. ह्या विकारास सीओपीडी म्हणतात. दम्यांत औषधानें नळी बहुधा मोकळी होते. ह्यांत ती पुरतेपणीं होत नाहीं. लोक ज्याला सरसकट दमा म्हणतात त्यांत हे दोन्ही विकार मिसळलेले असतात.

येथेंही आपले दोन दोष सुटत नाहींत. वयोमानानें हें प्रमाण निरोगी माणसांतही उतरतें. त्यामुळें ७० ची रेषा कांहीं निरोगी वृद्धांना रोगी ठरविते आणि कांहीं तरुण रोग्यांना सोडून देते. दुसरी गोष्ट, कोणतें माप ‘योग्य’ समजावयाचें? पुष्कळ वर्षें यंत्रांत गोऱ्या लोकांचीं मापें प्रमाण धरून आशियांतील लोकांसाठीं त्यांत शेंकडा ४ ते ६ ची सरसकट वजावट करीत. कमी माप हें वंशाचें लक्षण मानलें, कीं दारिद्र्य, धूर आणि कुपोषण ह्यांनीं झालेली हानि त्यांत लपून जाते. २०२३ मध्यें अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनें ही वंशावरची वजावट सोडून सर्वांस एकच सरासरी कोष्टक लावावें अशी शिफारस केली. मापाचा फूटच चुकीचा असेल तर शिंप्याचा कितीही सरळ हात काय कामाचा?

छायाचित्र आणि तें वाचणारे डोळे

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींत राँटगेननें क्ष-किरण पाहिले, आणि जिवंत मनुष्याच्या छातीच्या आंत डोकावण्याचा मार्ग मोकळा झाला. आतां कसोटीसाठीं शवाची वाट पाहावयास नको, असें लोकांना वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु छायाचित्र म्हणजे छाया. ती वाचावयास माणूसच लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत क्षयाच्या शोधासाठीं लक्षावधि लोकांचीं छायाचित्रें घेण्याचा प्रश्न निघाला. मोठी फिल्म बरी कीं लहान स्वस्त फिल्म बरी, हें ठरविण्यासाठीं १२५६ लोकांचीं चार पद्धतींनीं छायाचित्रें घेऊन तीं पांच तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणें वाचविण्यांत आलीं. १९४७ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला आणि परीक्षकच परीक्षेंत सांपडले! फिल्म-फिल्ममधील फरक थोडा निघाला. तज्ज्ञा-तज्ज्ञांमधील फरक त्याहून मोठा निघाला. इतकेंच नव्हे, तर त्याच तज्ज्ञाला तींच छायाचित्रें कांहीं काळानें पुन्हां दाखविलीं तेव्हां त्यानें स्वतःचेंच पूर्वींचें मत अनेक ठिकाणीं फिरविलें. ह्या कामांतले संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी ह्यांच्या त्याच वर्षींच्या निबंधापासून सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी हे शब्द वैद्यकांत रुळले. म्हणजे परीक्षेचे गुणदोष मोजण्याची ही भाषाच मुळीं फुप्फुसांच्या अभ्यासानें वैद्यकांत आणिली. उत्तरपत्रिका तपासतांना सकाळीं दिलेले गुण आणि संध्याकाळीं दिलेले गुण सारखे येत नाहींत, हें आम्हां शिक्षकांना ठाऊक असतें; पण तें चारचौघांत मोजून दाखविण्याचें धैर्य आम्हीं क्वचितच केलें.

अधिक सूक्ष्म यंत्र आणिलें म्हणजे दोष नाहींसे होतात, असेंही नाहीं. अमेरिकेंत धूम्रपानाचा दीर्घ इतिहास असलेल्या ५३,४५४ लोकांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २०११ मध्यें आला. अल्पमात्रेच्या सी. टी. स्कॅननें तपासलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु साध्या एक्स-रेच्या मानानें शेंकडा २० नीं कमी झाले. हा लाभ मोठाच. परंतु स्कॅनमध्यें ज्यांना ‘संशयास्पद’ म्हटलें गेलें त्यांपैकीं शंभरांत सुमारें शहाण्णव वेळां तो संशय खोटा निघाला. जेथें जुन्या क्षयाचे व्रण अनेकांच्या छातींत असतात अशा आपल्या देशांत ही अतिव्याप्ति विसरून चालणार नाहीं. ‘सर्व तपासण्या एकदम करून टाका’ असें म्हणणाऱ्या उत्साही नातेवाइकांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

जंतूची ओळख

क्षयाच्या बाबतींत खरी कसोटी सांपडली ती २४ मार्च १८८२ रोजीं. त्या दिवशीं रॉबर्ट कॉख ह्यानें बर्लिन येथें क्षयाचा जंतु शोधल्याचें जाहीर केलें. लक्षणांच्या पलीकडे जाऊन रोगाचें कारणच डोळ्यांना दिसूं लागलें. तरी कारण कळणें निराळें आणि उपाय सांपडणें निराळें. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्यें अमेरिकेंत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें गेल्या, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं. जंतु सांपडून पांच वर्षें झालीं होतीं. क्ष-किरण निघावयास आठ वर्षें होतीं. आणि त्या जंतूला मारणारें औषध तर साठ वर्षें दूर होतें. आज हीं तीनही साधनें हाताशीं असतांना कोणी निदानावांचून जावें, ह्यासारखी लाजेची गोष्ट नाहीं.

कफ कांचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा, ही पद्धति शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. जंतु दिसला तर निदान बहुतेक पक्कें. परंतु एका मिलिलिटर कफांत पांच ते दहा हजार जंतु असल्यावांचून तो नजरेस पडत नाहीं. म्हणजे अव्याप्ति फार. कफांतले जंतु वाढवून पाहिले तर थोडेही सांपडतात, पण त्याला आठवडे लागतात. तोंवर रोगी घरीं जातो आणि घर खोकत राहतें.

ही कोंडी फोडणाऱ्या शोधाशीं आपल्या मुंबईचा प्रत्यक्ष संबंध आहे. जंतूचा जनुकीय अंश दोन तासांच्या आंत ओळखणारी, आणि रिफाम्पिसिन हें औषध त्याच्यावर चालेल कीं नाहीं हेंही सांगणारी एक परीक्षा निघाली. लिमा, बाकू, केपटाऊन, दरबान आणि मुंबई अशा पांच ठिकाणीं १७३० संशयित रोग्यांवर ती पारखण्यांत आली. मुंबईंतील काम हिंदुजा रुग्णालयांत झालें. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेला निकाल असा : सूक्ष्मदर्शकांत जंतु दिसलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ९८ जण एकाच परीक्षेंत सांपडले, सूक्ष्मदर्शकानें ज्यांना सोडून दिलें होतें पण जंतु वाढवून पाहतां जे रोगी ठरले, त्यांतलेही शेंकडा ७२ सांपडले, आणि ज्यांना क्षय नव्हता त्यांतल्या शेंकडा ९९ जणांना तिनें बिनचूक वगळलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जागतिक आरोग्य संघटनेनें तिला मान्यता दिली. पुढें गोव्यांतील एका कंपनीनें तयार केलेल्या, लहान दवाखान्यांतही चालणाऱ्या ट्रूनॅट ह्या यंत्रालाही २०२० मध्यें अशी मान्यता मिळाली.

ह्याच्या उलट प्रकारही सांगितला पाहिजे. क्षयाचें निदान रक्तांतील प्रतिद्रव्यांवरून करणाऱ्या परीक्षा आपल्या देशांत वर्षानुवर्षें खपत होत्या. छापील अहवाल सुबक असे आणि फीही चांगली असे. अनेक संशोधनांचा एकत्र आढावा घेतला तेव्हां त्यांत दोन्ही दोष पुरेपूर निघाले : रोगी सुटत आणि निरोगी अडकत. २०११ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्या वापरूं नयेत असें स्पष्ट सांगितलें, आणि २०१२ मध्यें भारत सरकारनें त्यांवर बंदी घातली. छापील कागद हें प्रमाण नव्हे, हा धडा आम्हां सुशिक्षितांना विशेष घेण्यासारखा आहे. कारण छापलेल्या अक्षरावर आमचा विश्वास अंमळ अधिकच असतो.

बोटावरचें यंत्र

२०२० आणि २०२१ च्या कोविडच्या सांथींत घरोघर एक लहान चिमटा आला. जपानांतील ताकुओ आओयागी ह्यांनीं १९७४ च्या सुमारास शोधिलेल्या तत्त्वावर तो चालतो आणि रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण सांगतो. धाप न लागतांही प्राणवायु उतरलेला असूं शकतो, हें ह्या चिमट्यामुळें कळलें आणि अनेक जण वेळेवर रुग्णालयांत पोंचले. परंतु ह्या यंत्राचा प्रकाश त्वचेंतून जातो. १९७४ च्या तत्त्वाची २०२० मध्यें अमेरिकेंत पुन्हां परीक्षा झाली तेव्हां असें दिसलें, कीं चिमटा ‘ठीक’ सांगत असतांना प्रत्यक्ष रक्तांत प्राणवायु धोक्याइतका कमी असण्याचा प्रकार कृष्णवर्णी रोग्यांत गोऱ्यांच्या सुमारें तिप्पट होता. तेव्हां अंक ठीक असला तरी माणूस ठीक दिसत नसेल, तर अंकापेक्षां माणसावर विश्वास ठेवावा. नखांना रंग असल्यास तो काढून मग चिमटा लावावा, हेंही मुलींना सांगून ठेवावें.

जे दारापर्यंत येतच नाहींत

आतांपर्यंत सांगितलें तें परीक्षेला आलेल्यांविषयीं. जो आलाच नाहीं त्याचें काय? जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश आपल्या देशांत आहेत. २०१९ ते २०२१ ह्या काळांत भारतभर जी क्षयाची पाहणी झाली, तिचा अहवाल २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें, कीं ज्यांना क्षयासारखीं लक्षणें होतीं त्यांपैकीं शेंकडा ६४ जण कोठल्याही वैद्याकडे गेलेच नव्हते. आणि सांपडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ४२ हून अधिक असे होते, कीं एक्स-रे काढला नसता तर केवळ लक्षणांवरून ते सुटून गेले असते.

ही अव्याप्ति यंत्राची नव्हे. ही आपल्या घरांची आहे. मुलीचें लग्न ठरावयाचें आहे म्हणून खोकला लपवावयाचा. सून आजारी आहे हें माहेरीं कळूं नये म्हणून ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणावयाचें. म्हाताऱ्या माणसांचा खोकला म्हणजे घराचा एक आवाजच समजावयाचा. आणि निदान झालेंच, तर ताटवाटी वेगळी करावयाची. क्षय ताटवाटींतून पसरत नाहीं. तो खोकल्यांतून हवेंत आलेल्या सूक्ष्म कणांनीं पसरतो. वेगळें करावयाचें तें भांडें नव्हे. उघडावयाची ती खिडकी. योग्य औषध सुरू झालें म्हणजे दुसऱ्यास संसर्ग होण्याची भीति लवकरच ओसरते. माणसाला कोपऱ्यांत बसविण्याचें कारण उरत नाहीं.

घरच्यांनीं करण्यासारखें फार थोडें आहे आणि तें सोपें आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, मग तो कोणाचाही असो, तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यांत क्षयाची तपासणी आणि औषधें विनामूल्य मिळतात. कफ द्यावयाचा तर सकाळचा, खोल छातींतून आलेला द्यावा. तोंडांतली लाळ देऊन परीक्षेला दोष देऊं नये. धाप लागत असेल तर नुसतें खोकल्याचें औषध न घेतां स्पायरोमेट्रीविषयीं वैद्यांना विचारावें. पूर्वींचे एक्स-रे जपून ठेवावे; जुनी छाया शेजारीं असली म्हणजे नवी वाचणें सोपें जातें.

आतां वहिनींची हकीकत पुरी करतों. चार वर्षांनीं, गणपतीला आलेल्या पुतण्याच्या बायकोनें त्यांना जिन्यांत थांबलेलें पाहिलें. ती कोणाशीं वाद घालीत बसली नाहीं. आम्हां वडीलधाऱ्यांपैकीं कोणाला विचारलेंही नाहीं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं ती त्यांना शहरांत घेऊन गेली. कफ तपासला, त्यांत क्षय नव्हता. मग नळींत जोरानें फुंकावयास सांगितलें, तीनदां. औषध हुंगविल्यावर पुन्हां तीनदां. पहिल्या सेकंदाची हवा शेंकडा ५८ निघाली. डॉक्टरांनीं विचारलें, ‘आजी, चुलीपुढें किती वर्षें होतां?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना प्रथमच कोणीं विचारला होता.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स ह्या दोघांनीं २००९ मध्यें ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत दाखवून दिलें होतें, कीं जगांत सुमारें शंभर कोटी लोक तंबाखू ओढतात, पण लांकूड, शेण आणि पालापाचोळा जाळून होणाऱ्या धुरांत तीनशें कोटी लोक राहतात. आणि सीओपीडीचे पुष्कळसे रोगी असे आहेत कीं ज्यांनीं कधीं धूम्रपान केलेलें नाहीं. ‘विडी नाहीं म्हणून रोग नाहीं’ हें माझें अनुमान त्या शोधानें पूर्वींच खोटें पाडलें होतें. मला त्याचा पत्ता नव्हता एवढेंच. ‘जेथें धूर तेथें अग्नि’ हें उदाहरण मीं तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. घरांत अग्नीपुढें कोण बसलें आहे आणि तो धूर कोठें जातो आहे, इकडे माझें लक्ष गेलें नाहीं.

गेलेला श्वास परत येत नाहीं, हें डॉक्टरांनीं प्रथमच सांगितलें. परंतु हुंगावयाचें औषध नियमित चालू आहे, रोज थोडें चालणें आहे, आणि सणासुदीचा स्वयंपाकही आतां चुलीवर होत नाहीं. वहिनी हल्लीं जिना एका दमांत चढत नाहींत, पण सहाव्याऐवजीं दहाव्या पायरीवर थांबतात. आणि थांबल्या म्हणजे तोंड पुसण्याचें निमित्त करीत नाहींत. ‘दमलें आहें’ असें सरळ सांगतात. वाचकांपैकीं ज्यांच्या घरांत असा एखादा जुना खोकला असेल, त्यांनीं हा अंक मिटण्यापूर्वीं त्या माणसाला एवढें विचारावें : हा केव्हांपासून आहे, आणि कोणी तपासला आहे काय?